बाटली मुरलीय की उतरलीय?

पत्र

नमस्कार सर. डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं पूर्ण होतायत. घरच्या घरी दहा-बारा माणसांचं जेवण ठरलंय, तांबडा-पांढरा आणि सुकं. मेहुण्याचा आग्रह आहे की यंदा बिअर नको, चांगली रेड वाईन काढायची. ओळखीच्या दुकानात ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीची २०१२ ची, शिराझ द्राक्षाची वाईन आहे. छापील किंमत ९,५०० रुपये, मालक ५,५०० ला देतो म्हणतोय. मागच्या लेबलवर ‘सेलर एज्ड’ (म्हणजे तळघरात मुरवलेली) असं लिहिलंय. दोनच बाटल्या उरल्यात. एक आता काढावी आणि दुसरी मुलीच्या लग्नाला ठेवावी (ती आत्ता अकरावीत आहे), असा विचार आहे. घेऊ का? एवढी स्वस्त का देतोय? एक मित्र म्हणतो गोव्यात याहून कमीत मिळेल. सौ. कधी घेत नाही, पण या वेळी घोटभर चव बघीन म्हणतेय.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर

राजारामपुरीकर, आधी तुमचं आणि वहिनींचं अभिनंदन. आता उत्तर. एक बाटली घ्या, पण दुकानात पाच मिनिटं घालवून आणि दोन प्रश्न विचारून. दुसरी घेऊ नका. मुलीच्या लग्नासाठी ठेवायची म्हणून तर मुळीच नको. गोव्याचं डोक्यातून काढून टाका. का ते जरा ऐसपैस सांगतो, कारण तुमच्यासारखी पत्रं आता महिन्याला दोन-तीन तरी येतात.

लोणचं मुरतं आणि आमटी उतरते. दोन्हीकडं वेळच गेलेला असतो, पण एकाला आपण पानात मानानं वाढतो आणि दुसरी मोरीत ओततो. वाईनचं तसंच आहे. ‘जितकी जुनी तितकी भारी’ हे आपण कुठून तरी ऐकून पक्कं धरून बसलोय. जगात होणारी बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत पिऊन संपवायची म्हणूनच केलेली असते. थोड्या वाईन मुरतात, आणि त्याही बरणी कुठं ठेवली होती त्यावर. तुमच्या बाटलीचं वय लेबलवर छापलंय, त्याबद्दल वाद नाही. ती १३ वर्षं झोपली कुठं, हे लेबलवर नाही. ५,५०० रुपये द्यायचे की नाही ते त्यावर ठरणार.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी नाशिकची बरी म्हणावी अशी लाल वाईन मी तीन बाटल्या आणली आणि मोठ्या शहाणपणानं मंगळवार पेठेतल्या घराच्या माळ्यावर आडवी ठेवली. आडवी ठेवायची असते एवढं ऐकलं होतं. माळ्याच्या वर पत्रा आहे, हे लक्षात आलं नाही. चार उन्हाळे गेले. मग एकदा मित्र जमले तेव्हा मी ती धूळ न पुसता खाली आणली, धूळ असली की भाव वाढतो म्हणून. बूच अर्धा सेंटीमीटर वर आलेलं होतं, त्याखाली चिकट काळा ओघळ. ग्लासात ओतली तर रंग काळ्या चहाचा आणि वास थेट गुऱ्हाळातल्या काकवीचा. एकानं घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, “भावा, हे खोकल्याचं औषध हाय.” उरलेल्या दोन बाटल्या मी उघडून बघायचं धाडससुद्धा केलं नाही.

आता तुमच्या बाटलीकडं येऊ. बरोसा व्हॅली दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेड शहराच्या ईशान्येला. उष्ण आणि कोरडा भाग. अशा ठिकाणी द्राक्षात साखर भरपूर भरते. आपल्याकडं ऊसवाला जसा रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजतो, तसाच तिकडं द्राक्षवाला मोजतो. २५ ब्रिक्सच्या आसपासचा रस पूर्ण आंबला की अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर जातो. लेबल बघा, १४.५ किंवा १५ लिहिलेलं असेल. साखर चढते तशी आंबटपणा उतरतो. म्हणून उष्ण भागातली लाल वाईन जाड, मऊ, पिकल्या जांभळासारखी लागते. थंड भागातल्या वाईनसारखी ती दातांना चावत नाही, पण तिला उभं ठेवणारा आंबटपणाचा कणाही जरा कमीच असतो. त्यामुळं स्वस्तातली उष्ण भागातली वाईन पाच-सहा वर्षांत बसते. जुन्या वेलींची, तुरटपणा भरपूर असलेली, निगुतीनं केलेली असेल तर ती १५-२० वर्षंही सहज काढते.

बरोसात अशा जुन्या वेली खरोखर आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या द्राक्षबागा मुळं खाणाऱ्या फायलॉक्सेरा किडीनं संपवल्या. ती कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात आजवर शिरलेली नाही. त्यामुळं १८४० च्या दशकात लावलेल्या काही वेली अजून फळ देतात. तिथं २००९ पासून वेलींच्या वयाची रीतसर प्रतवारी आहे: ३५ वर्षांच्या वर एक नाव, ७० च्या वर दुसरं, मग १०० आणि १२५. तुमच्या लेबलवर यातलं काही असेल तर ते ‘सेलर एज्ड’पेक्षा कितीतरी कामाचं.

आणि साल चांगलं आहे, हे तुमचं नशीब. बरोसात २०१० आणि २०१२ ही नावाजलेली सालं, मधलं २०११ पावसानं धुऊन काढलेलं. बाटलीवर २०११ असतं तर मी पत्राला एका ओळीत उत्तर दिलं असतं.

उष्ण भागातली वाईन मुरत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट आहे. पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियातल्या वाईन कंपनीतल्या मॅक्स शूबर्टनं १९५१ साली मुख्यतः शिराझची, बरीच वर्षं टिकेल अशी वाईन पहिल्यांदा करून बघितली, ग्रेंज. सुरुवातीच्या बाटल्या कोवळ्या असताना लोकांनी नाकं मुरडली आणि १९५७ मध्ये कंपनीनं त्याला काम बंद करायला सांगितलं. गड्यानं तळघरात गुपचूप चालू ठेवलं. त्या पहिल्या बाटल्या मुरल्या तेव्हा वरिष्ठांना पटलं आणि १९६० मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. ती बाटली तुमच्या-माझ्या खिशातली नाही, सोडा. पण शिराझ मुरते, याचा दाखला आहे. (शिराझ म्हणजे इराणातलं शिराज शहर, असंही पुष्कळजण सांगतात. गोड गोष्ट आहे, पण खोटी. या द्राक्षाचे आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्सचे, हे १९९८ मध्ये डीएनए तपासणीत निघालं.)

‘सेलर एज्ड’ या शब्दांनी हुरळून जाऊ नका. स्पेनमधल्या रिओहात ‘ग्रान रिझेर्वा’ लिहायचं तर वाईन पाच वर्षं मुरवावीच लागते, त्यातली किमान दोन लाकडी पिंपात. तिथं तो कायदा आहे. ऑस्ट्रेलियात किंवा आपल्याकडं ‘सेलर एज्ड’, ‘रिझर्व्ह’ असल्या शब्दांमागं असा नियम नाही. काही वायनरी खरंच काही पेट्या स्वतःच्या तळघरात आठ-दहा वर्षं राखतात आणि मग विकायला काढतात. तसं असेल तर उत्तमच, कारण बाटलीची ती वर्षं १३-१४ अंशांत गेली. पण २०१५ सालीच जहाजात बसून मुंबईला उतरली असेल, तर पुढची सगळी वर्षं कुठल्या तरी गोदामाच्या हवाली.

म्हणून पहिला प्रश्न दुकानदाराला नाही, बाटलीला विचारा. मागच्या बाजूला आयातदाराचं स्टिकर असतं. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, छापील किंमत आणि बहुतेक वेळा आयातीचा महिना-साल असतो. तो महिना बघून कोल्हापूरचे उन्हाळे मोजा. स्टिकरच नसेल तर बाटली परत ठेवा आणि नमस्कार करून निघा. ती कुठल्या वाटेनं आली हे आपल्याला माहीत करून घ्यायचं नाही.

दुसरा प्रश्न मालकाला: “ही आल्यापासून कुठं ठेवली होती?” आपल्याकडच्या वाईन शॉपची गंमत तुम्हाला ठाऊकच आहे. पाटीवर ‘वाईन’, आत सगळी व्हिस्की. वाईनच्या चार-पाच बाटल्या असतात त्या सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, शोभेला, उभ्या. दुकानात एसी असला तरी रात्री शटर पडलं की तो बंद. एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ ला जातो, तेव्हा बंद दुकानात छताला टेकलेल्या फळीवर काय होत असेल ते पत्र्याच्या घरात राहिलेल्याला सांगायला नको. दहा अंश वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे १३ अंशांत जे पाच वर्षांत व्हायचं, ते ३३ अंशांत सव्वा वर्षात उरकतं, आणि तेही नीट होत नाही. मंद आचेवरचं मटण आणि कुकरात चार शिट्ट्या जादा झालेलं मटण, एवढा फरक.

मालक म्हणाला, “आतल्या एसी खोलीत होती, आडवी,” तर ती खोली दाखवा म्हणा. ओळखीचा आहे ना, मग लाजू नका. टाळाटाळ केली तर तेच तुमचं उत्तर.

मग बाटली हातात घ्या, मोबाइलची बॅटरी लावा. वाईनची पातळी मानेत असली पाहिजे. मान संपून खांदा सुरू होतो तिथपर्यंत उतरली असेल तर १३ वर्षांच्या बाटलीला ते शोभत नाही, बुचातून हवा आत गेलीय. वरच्या वेष्टणावर अंगठा दाबा. बूच काचेच्या काठाशी सपाट लागलं पाहिजे. टेंगूळ लागलं तर उष्णतेनं आतली वाईन फुगून बूच वर ढकललेलं आहे. वेष्टणाच्या खाली चिकट ओघळ दिसतोय का बघा, माझ्या माळ्यावरच्या बाटलीला होता तसा. आता मानेच्या मागून उजेड टाका. गडद लाल, कडेला जरा विटकरी छटा असेल तर छान, वयाला साजेसं. गढूळ आणि चहासारखी तपकिरी दिसली तर नको. तळाला काळपट गाळ दिसला तर घाबरू नका, तो जुन्या लाल वाईनमध्ये असतोच. लेबलला ओलीचा डाग असेल तरी बिघडत नाही; उलट बाटली दमट, गार जागी होती याची ती खूण असू शकते.

ऑस्ट्रेलियाची वाईन म्हटल्यावर तिला बूच नसून फिरकीचं झाकण असण्याचीही शक्यता भरपूर आहे. तिकडं महागड्या बाटल्यांनाही ते लावतात, त्यावरून तिला हलकी समजू नका. झाकण असेल तर उभी ठेवली होती की आडवी याला महत्त्व नाही, आणि बुचाच्या बुरशीचा घाणेरडा वासही येत नाही. उष्णतेपासून मात्र झाकणही वाचवत नाही. झाकणाला ठेच बसलीय का तेवढं बघा.

स्वस्त का देतोय? याचं उत्तर बहुधा साधं आहे. तुमच्या बाटलीवरची ९,५०० ही किंमत छापली तेव्हा परदेशी वाईनवर १५० टक्के आयात शुल्क असणार. २९ डिसेंबर २०२२ ला भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झाला. त्यात ज्या बाटलीची आयात किंमत १५ अमेरिकन डॉलरच्या वर, तिचं शुल्क लगेच ७५ टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत २५ पर्यंत जायचं आहे. ५ ते १५ डॉलरवालीचं १०० वर आलं, ते ५० पर्यंत उतरणार. म्हणजे त्याच वायनरीचं ताजं साल आज जुन्या छापील किमतीच्या बऱ्याच खाली मिळत असू शकतं. मग ४,००० रुपयांची सूट कशावर? तुलना ९,५०० शी करू नका. त्याच नावाच्या नव्या सालाची पुण्या-मुंबईतली आजची किंमत मेहुण्याकडून काढून घ्या. ती ५,००० निघाली तर मालक तुम्हाला सूट देत नाहीये, पडून राहिलेला माल नव्या मालापेक्षा महाग विकतोय. ती ८,००० निघाली तर सौदा बरा आहे. वाईट हेतू असेलच असं नाही. कोल्हापुरात एवढ्या किमतीची वाईन उचलणारं गिऱ्हाईक कमी, भांडवल अडकलेलं, मार्चअखेर आला की हलवायची घाई. दोन बाटल्या उरल्यात म्हणजे बाकीच्या कुणीतरी नेल्या. कुणी नेल्या, त्यांना कशी लागली, हेही विचारा. कोल्हापुरात एवढं कळायला वेळ लागत नाही.

गोव्याचं म्हणाल, तर तिथं कर कमी म्हणून स्वस्त, हे खरं. पण तिथली बाटली परवाना नसताना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. आंबोली, गगनबावडा, राधानगरी, कुठल्याही घाटानं या, राज्य उत्पादन शुल्कवाले कधी गाडी थांबवतील सांगता येत नाही. चांदीच्या लग्नाचा वाढदिवस पंचनाम्यानं साजरा करायचा आहे का? आणि समजा सुटलात, तरी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती बाटली दोन तास भाजून निघणार. इथं घ्यायची तरीही दारूचा परवाना काढून ठेवा आणि पक्कं बिल घ्या.

आणली की डिसेंबरपर्यंत ठेवायची कुठं? माळा नको, स्वयंपाकघर नको, फ्रीजच्या डोक्यावर तर नकोच नको, तिथं मागून गरम हवा येते. तुमच्याकडं जुना वाडा असता तर म्हटलं असतं बळदात ठेवा, जाड भिंतीत गारवा टिकतो. फ्लॅट असेल तर घरातल्या सगळ्यात गार खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, थर्माकोलच्या खोक्यात घालून आडवी. ऑक्टोबरच्या उन्हाचा तडाखा असेल तेव्हा दोन-तीन आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तरी चालेल.

आता मुलीच्या लग्नाची बाटली. ती अकरावीत म्हणजे लग्नाला आठ-दहा वर्षं तरी, आणि तिनं एमएस करायचं ठरवलं तर अजून पुढं. १३ वर्षांची शिराझ, इतिहास अर्धवट माहीत, त्यावर कोल्हापूरचे आठ-दहा उन्हाळे. तुम्ही त्या दिवशी सोयऱ्यांसमोर काकवी ओताल. मुलीसाठी ठेवायचंच असेल तर हे ५,५०० सोन्यात घाला.

माझं ऐकाल तर त्या पैशात दुसऱ्या नव्या बाटल्या घ्या. एका ७५० मिलीच्या बाटलीत नीट ओतले तर पाच ग्लास होतात. तुम्ही दहा-बारा माणसं, प्रत्येकाला चार चमचे आले तर कुणाला काय कळणार? जुनी बाटली ज्यांना रस आहे अशा चार-पाच जणांत काढा. बाकीच्यांसाठी नाशिकची नवी शिराझ, नाहीतर सोलापूर जिल्ह्यातली. अकलूजला फ्रातेल्ली कंपनीची वाईन होते. उसाच्या पट्ट्यात इटालियन सांजोव्हेझे द्राक्ष पिकतंय हे मेहुण्याला सांगा, त्याला बोलायला विषय मिळेल. हीसुद्धा उष्ण भागातलीच वाईन. आपल्याकडं वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, पीक एकदाच, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे रात्रीची थंडी द्राक्षाला मिळावी म्हणून केलेला सगळा खटाटोप. जुनी बाटली दगा देऊन गेलीच तर हीच अब्रू राखेल.

आता जेवण. इथं मी तुमच्याशी जरा भांडणार आहे. तांबडा रस्सा आणि ही वाईन एका पानात बसवू नका. १४.५ टक्के अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, आणि तुरटपणा त्यावर सुपारी चावल्यासारखा बसतो. तांबड्याचा एक भुरका आणि वाईनचा एक घोट म्हणजे कानातून धूर. वाईट एवढ्याचंच की १३ वर्षांत तिनं कमावलेलं सगळं, सुकं अंजीर, चामडं, तंबाखू, पावसाआधीच्या मातीसारखं काहीतरी, ते कांदा-लसूण चटणीपुढं एका क्षणात गप्प होतं. नुसतं तिखट आणि नुसतं अल्कोहोल उरतं. यात तांबड्याची चूक नाही, वाईनचीही नाही.

पण पांढरा? पांढरा चालतो. नारळाचं दूध, खसखस, काजू, अळणीचा (बिनतिखट शिजवलेल्या मटणाचा) अर्क, त्यात मिरची नावाला. वहिनींना सांगा, अळणी मटणाचे थोडे तुकडे बाजूला काढून तुपावर मिरी आणि लसूण घालून परतायचे, चटणी नाही. त्याबरोबर खिम्याचे गोळे, तेही कमी तिखट. हे आधी मांडा, वाईन याच्यासंगं होऊ दे. बाटली संपली की ग्लास उचला, मग तांबडा आणि सुकं आणा, आणि मग कुणी कुणाला आवरू नका. नाहीतरी कोल्हापुरात तांबड्याबरोबर प्यायला लोक काय घेतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं माहीत.

उघडायचं कसं तेही सांगतो, कारण यात पुष्कळजण घोळ घालतात. दोन दिवस आधी बाटली उभी करा, गाळ तळाला बसेल. त्या दिवशी उघडण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये. ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची म्हणतात ते युरोपातल्या थंड घरांचं, १६-१८ अंशांचं. डिसेंबरातसुद्धा माणसांनी भरलेला आपला हॉल एवढा गार नसतो, आणि गरम झाली की अशा वाईनचं अल्कोहोल आधी नाकात घुसतं. बूच जुनं असेल तर सावकाश ओढा. तुटलं तर उरलेलं आत ढकला आणि चहाच्या गाळणीवर स्वच्छ मलमल टाकून गाळून घ्या, काही बिघडत नाही.

मग काचेच्या जगमध्ये हळूहळू ओता, मानेखाली मोबाइलची बॅटरी धरून. गाळाची पहिली काळी रेघ मानेत आली की थांबा. तळाला दोन बोटं राहिली तर राहू दे. काचेचा जग नसेल तर स्टीलचा चालेल. आजीचा पितळी तांब्या मात्र हौसेनं काढू नका. ताक आणि चिंचेची आमटी आपण बिनकल्हईच्या पितळेत ठेवत नाही, तेच कारण. आणि जुनी वाईन ओतून तीन-तीन तास ठेवायची नसते. तिच्यातला जीव अर्ध्या-पाऊण तासात खुलतो आणि तासाभरात विरायलाही लागू शकतो. पाहुणे बसले की उघडा.

पहिला घोट तुम्ही एकट्यानं, स्वयंपाकघरात घ्या. पांढऱ्या ताटलीवर ग्लास तिरपा धरा, मध्ये गडद, कडेला विटकरी. नाक घाला. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास आला तर बूच खराब होतं. अपाय नाही, पण प्यायची मजा गेली. व्हिनेगर आलं तर सरळ मोरी. खरा पेच काकवीचा. उष्ण भागातल्या शिराझमध्ये मनुका, अंजीर, किंचित पाकासारखा वास मुळातच असतो, तेवढ्यावरून तिला उतरलेली ठरवू नका. दुसऱ्यांदा वास घ्या. त्या मनुक्याच्या खाली कुठंतरी जांभळाचा ओलेपणा अजून आहे का? घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं का? सुटलं तर मुरलीय. नुसताच शिजलेला गोडूस वास, तोंडात सपाट, आणि मागं अल्कोहोलची जळजळ, तर उतरलीय. मग मेहुण्याला कळू न देता अकलूजवाली उघडा.

राहिल्या वहिनी. त्यांना आधीच सांगून ठेवा की ही गोड नसते. रंग बघून द्राक्षासवासारखी लागेल असं पहिल्यांदा घेणाऱ्याला वाटतं आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं. रिकाम्या पोटी तो तुरटपणा कच्च्या जांभळासारखा जिभेला ओढतो. मटणाच्या चरबीबरोबर तोच मऊ होतो. तेव्हा त्यांचा ग्लास पाव भरा, आणि तुपावरचा अळणीचा तुकडा खाऊन झाल्यावरच हातात द्या, आधी नको.